कॅलिफोर्नियात केलेल्या कामाचे पैसे: बोजा, बाँड आणि नव्वद दिवस (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमचा फरशी आणि टाइल बसवण्याचा धंदा बे एरियात आहे. थापी माझ्या यजमानांच्या हातात असते. बिलं, नोटिसा आणि तारखा माझ्याकडे. मंडळाच्या कार्यक्रमात किंवा फोनवर आपले लोक तेच तेच प्रश्न विचारतात, आणि बहुतेक वेळा मुदत उलटून गेल्यावर विचारतात. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहिते आहे. मी वकील नाही. इथली उत्तरं कॅलिफोर्नियापुरती आहेत. केंद्र सरकारच्या कामांबद्दल आणि न्यू जर्सीबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

मेकॅनिक्स लीन म्हणजे नेमकं काय?

सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढतो तसाच हा बोजा, फक्त कर्जाऐवजी कष्टाचा. तुम्ही एखाद्याच्या स्वयंपाकघरात टाइल बसवलीत, छपराला पत्रे घातलेत किंवा सिमेंट पुरवलंत आणि पैसे मिळाले नाहीत, तर तो माल भिंतीतून उपटून परत नेता येत नाही. तो त्या जागेचा भाग झालेला असतो. म्हणून कायदा म्हणतो, जागेवरच तुमचा हक्क लिहा. मालक पैसे देत नसेल तर कोर्टाकडून ती मालमत्ता विकून वसुली करता येते.

मालकाशी तुमचा करार असायलाच हवा असं नाही. तुम्हाला जनरल कॉन्ट्रॅक्टरने, म्हणजे मुख्य कंत्राटदाराने, बोलावलं असेल आणि त्याने पैसे बुडवले असतील, तरी बोजा मालकाच्या जागेवर चढतो. सबकॉन्ट्रॅक्टर, माल पुरवणारे, मजूर, भाड्याने यंत्र देणारे, सगळ्यांना हा हक्क आहे.

अमेरिकेतला असा पहिला कायदा मेरीलँडने १७९१ मध्ये केला. वॉशिंग्टन शहर उभं राहत होतं, गवंडी-सुतार यावेत म्हणून जेफरसन आणि मॅडिसन यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. कॅलिफोर्नियाने तर १८७९ च्या राज्यघटनेतच हा हक्क घातला. गवंड्याच्या मजुरीला घटनेत जागा आहे, हे मला फार मोठं वाटतं. पण हा हक्क कसा वापरायचा ते दिवाणी संहिता ठरवते, आणि तिथे सगळं तारखांवर चालतं.

माझ्याकडे लायसन्स नाही. मला बोजा चढवता येईल का?

लायसन्स लागणाऱ्या कामासाठी नाही. इतकंच नव्हे, साध्या दाव्यानेही पैसे मागता येत नाहीत, आणि मालक आधी दिलेले पैसेसुद्धा परत मागू शकतो. पूर्वी ५०० डॉलरखालच्या छोट्या कामांना सूट होती. १ जानेवारी २०२५ पासून ती मर्यादा १,००० डॉलर आहे, तीही मजूर न लावता आणि परमिट न लागणाऱ्या कामांसाठी. लायसन्स कामाच्या पूर्ण काळात चालू हवं. मधल्या तीन आठवड्यांत नूतनीकरण राहिलं, तरी तेवढ्यावर समोरचा वकील बोट ठेवतो.

प्रिलिमिनरी नोटीस कधी द्यायची?

ही जागेवर काम करत असल्याचं कळवणारी, बोजाच्या आधीची नोटीस. ती कामाला हात लावल्यापासून किंवा माल पोचवल्यापासून २० दिवसांच्या आत द्यायची. ती मालकाला, जनरल कॉन्ट्रॅक्टरला आणि कामासाठी कर्ज दिलेलं असेल तर त्या बँकेला जाते. मालकाशी थेट करार असेल तर फक्त बँकेला द्यावी लागते. रोजंदारीवरच्या मजुराला ही नोटीस लागत नाही.

उशीर झाला तरी नोटीस द्याच. मग ती दिल्याच्या दिवसाच्या मागचे २० दिवस आणि पुढचं सगळं काम तिच्या संरक्षणात येतं. त्याआधीचं काम मात्र सुटतं. समजा, पहिल्या आठवड्यातच सगळा महागडा दगड उतरवला आणि नोटीस दोन महिन्यांनी दिली, तर दगडाची किंमत हातची गेली.

सर्टिफाइड मेलने पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. ईमेल किंवा मेसेज केला म्हणून नोटीस दिली असं समजू नका. आमच्याकडे प्रत्येक कामाची फाइल उघडली की पहिला कागद नोटिशीचा लागतो, दुसरा पावतीचा. रक्कम दोन हजारांची असो वा दोन लाखांची.

नोटीस दिली तर संबंध बिघडतील ना? माणूस ओळखीचा आहे.

हा प्रश्न आपल्याच लोकांकडून सर्वांत जास्त येतो. ज्यांच्या शेजारी उभं राहून गणपतीची आरती म्हटली, त्यांच्या घरी सर्टिफाइड मेलने नोटीस कशी पाठवायची? मला तो संकोच कळतो, कारण मी तो केलेला आहे. पण भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही.

प्रिलिमिनरी नोटीस हा आरोप नसतो. 'आम्ही तुमच्या जागेवर अमुक काम करतो आहोत' एवढंच ती सांगते, आणि इथले मोठे पुरवठादार ती प्रत्येक कामाला पाठवतात. आम्ही पहिल्या भेटीतच सांगून टाकतो: "आमच्या ऑफिसातून एक छापील नोटीस येईल, सगळ्यांनाच जाते, काळजी करू नका." आजवर एकाही गिऱ्हाइकाने त्यावरून काम काढून घेतलेलं नाही.

बोजा नोंदवायला किती दिवस असतात?

काम पूर्ण झाल्यापासून ९० दिवस. पण मालकाने काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे जागांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात, काम पूर्ण झाल्याची 'नोटीस ऑफ कम्प्लिशन' नोंदवली तर मुदत आक्रसते: थेट करार असलेल्याला त्या नोंदणीपासून ६० दिवस, सबकॉन्ट्रॅक्टर आणि माल पुरवणाऱ्यांना फक्त ३०.

आमचंच उदाहरण देते. २०१४ मध्ये एका रेस्टॉरंटच्या किचनचं काम आम्ही जनरल कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली केलं. सगळं काम ५ मार्चला संपलं. नुसत्या ९० दिवसांनी मोजलं तर आमच्याकडे ३ जूनपर्यंत वेळ होता. पण मालकाने ११ मार्चला नोटीस ऑफ कम्प्लिशन नोंदवली, आणि आमची मुदत एकदम १० एप्रिलवर आली. तिची प्रत पोस्टाने आली म्हणून कळलं. प्रिलिमिनरी नोटीस दिलेल्यांना मालकाने ही प्रत १० दिवसांत पाठवायची असते. नाही पाठवली तर ९० दिवसांची मुदत कायम राहते. पण मालक स्वतः राहतो अशा छोट्या घरांना यातून सूट आहे, म्हणून प्रतीची वाट बघत बसू नका. काम संपलं की दर आठवड्याला रेकॉर्डरच्या नोंदी शोधा.

आम्ही ८ एप्रिलला बोजा नोंदवला. मुदतीच्या दोन दिवस आधी.

'काम पूर्ण झालं' म्हणजे कोणाचं?

संपूर्ण प्रकल्पाचं, तुमच्या एकट्याच्या टाइलचं नव्हे. काम प्रत्यक्ष संपणं, काम थांबून मालकाने जागा वापरायला सुरुवात करणं, किंवा सलग ६० दिवस काम बंद पडणं, यातलं काहीही झालं की ते पूर्ण धरलं जातं. ३० दिवस बंद राहिल्यावर मालकाने तशी नोटीस नोंदवली तरीही. नक्की कोणती तारीख, यावर कोर्टात भांडणं होतात. आपण सगळ्यांत आधीची तारीख धरून मोजावं.

नोंदवताना काय सांभाळायचं?

रक्कम खरी लिहा. मिळालेले पैसे वजा करून जे राहिलं तेवढंच. व्याज, वकिलाची फी, मनस्ताप त्यात घालायचा नाही. जाणूनबुजून फुगवलेली रक्कम अख्खा बोजा घालवू शकते. मालकाला प्रत टपालाने पाठवल्याचं शपथेवरचं निवेदन सोबत लागतं, ते नसेल तर बोजा टिकत नाही. मालकाचं नाव आणि जागेचा पत्ता रेकॉर्डरच्या दप्तरातल्या नोंदीशी ताडून बघा.

बोजा नोंदवला. आता पैसे येईपर्यंत थांबायचं ना?

नाही. या पानावरचं दुसरं काहीही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं राहू द्या. नोंदवल्यापासून ९० दिवसांच्या आत कोर्टात दावा दाखल केला नाही, तर बोजा आपोआप संपतो. कोणी तो काढावा लागत नाही, कोणी कळवत नाही. रेकॉर्डरच्या दप्तरात कागद दिसत राहतो, पण त्यातला जीव गेलेला असतो.

आमच्या ८ एप्रिलच्या बोजाचं काय झालं ते सांगते. जनरल कॉन्ट्रॅक्टर रोज फोनवर गोड बोलत होता. चेक तयार आहे, मालकाची सही राहिली आहे, पुढच्या शुक्रवारी नक्की. मी डायरीत लिहिलं होतं, 'तीन महिने, म्हणजे ८ जुलै'. जुलैची सुरुवात झाली, चार तारखेची सुट्टी शुक्रवारी आली, सगळी कार्यालयं बंद. सोमवारी ७ तारखेला वकिलाकडे वेळ मिळत होती, पण त्या दिवशी दुसरं काम होतं म्हणून मी मंगळवारची घेतली. वकिलांनी कागद पाहिले आणि समोर कॅलेंडर ठेवून दिवस मोजायला सांगितले. एप्रिलचे २२, मेचे ३१, जूनचे ३०, आणि जुलैचे सात. नव्वद. मुदत आदल्या दिवशी संपली होती.

१९,२०० डॉलरचा बोजा एका दिवसाने गेला. पुढे करारावर साधा दावा लावला आणि दोन वर्षांनी त्यातले अकरा हजार हाती आले. यजमान त्यावर मला एक शब्दही बोलले नाहीत. तेव्हापासून मी महिने मोजत नाही, दिवस मोजते, आणि ९० च्या जागी ७५ वा दिवस भिंतीवर लाल पेनने लिहिते.

दावा लावल्यावर आणखी काही?

दावा दाखल झाल्यापासून २० दिवसांत त्याची नोटीस काउंटी रेकॉर्डरकडे नोंदवायची असते. तिला इथे लिस पेन्डन्स म्हणतात. जागा विकत घेऊ पाहणाऱ्याला वाद चालू असल्याचं त्यातून कळतं. पुढे दोन वर्षांत खटला सुनावणीला उभा राहिला नाही तर कोर्ट तो काढून टाकू शकतं.

समोरच्याला खरंच अडचण आहे. त्याला वेळ द्यायचा असेल तर?

द्या, पण तोंडी नको. मुदतवाढीची लेखी नोटीस, म्हणजे नोटीस ऑफ क्रेडिट, तुमच्या आणि मालकाच्या सहीने, बोजा नोंदवल्यापासून ९० दिवसांच्या आत नोंदवता येते. मग वाढवलेली मुदत संपल्यापासून दाव्यासाठी ९० दिवस मिळतात, मात्र काम पूर्ण झाल्यापासून एक वर्षाच्या पलीकडे जाता येत नाही. जो माणूस खरोखर पैसे देणार आहे, तो या कागदावर सही करायला कुरकुर करत नाही. आमच्या अनुभवात ही सही मागितली की दोनच गोष्टी होतात: एक तर सही येते, नाही तर आठवड्यात चेक येतो. तिसरी झाली, म्हणजे टाळाटाळ, तर सरळ दावा लावायचा.

आमची बोलणी चालू आहेत. तोवर मुदत थांबते ना?

थांबत नाही. ईमेलवरची बोलणी, शुअरिटी (पैशांची हमी देणाऱ्या) कंपनीने पाठवलेला फॉर्म, 'तुमची फाइल आम्ही तपासतो आहोत' असं पत्र, यातल्या कशानेही दिवस थांबत नाहीत. मालकाने दिवाळं जाहीर केलं तर मात्र नियम बदलतात. दावा लावता येत नाही आणि त्याऐवजी दिवाळखोरी न्यायालयात नोटीस द्यावी लागते, तीही मुदतीतच. अशा वेळी त्याच दिवशी वकील गाठा.

चेक देण्याआधी ते रिलीजवर सही मागतात. करायची का?

रिलीज म्हणजे बोजाचा हक्क सोडल्याचा कागद. कॅलिफोर्नियात त्याचे चारच फॉर्म कायद्याने ठरवलेले आहेत. हप्त्यासाठी दोन, शेवटच्या बिलासाठी दोन. त्यात प्रत्येकी एक सशर्त, एक बिनशर्त. सशर्त रिलीज चेक वटल्यावरच लागू होतो. बिनशर्त रिलीजवर सही केली की चेक वटो न वटो, तुमचा हक्क गेला. पैसे खात्यात दिसेपर्यंत बिनशर्तवर सही करू नका, मग समोर कोणीही बसलेलं असो. 'शेवटच्या' बिलाच्या फॉर्मवर सही करताना जादा कामाची राहिलेली रक्कम त्यात लिहिली आहे का, ते बघा.

करारात लिहिलं आहे, 'मालकाकडून पैसे आले तरच देऊ'. मग?

'वरून पैसे आले की देतो' हे वाक्य पुण्यातही तेच आणि सॅन होजेतही तेच. पण पैसे आलेच नाहीत तर देणंच नाही, असं कलम कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये बेकायदा ठरवलं. आधीपासून बोजाचा हक्क सोडायला लावणं म्हणजेच हे, असं कोर्टाचं म्हणणं. पैसे 'आल्यावर' देऊ असं कलम असेल, तर त्यांना वाजवी वेळच मिळतो, अनंत काळ नाही. त्याच्या आडून बाँडचा (पैशांच्या हमीपत्राचा, त्याबद्दल खाली लिहिलं आहे) दावा लांबवता येत नाही, हे २०२० मध्ये इथल्या अपील कोर्टाने सांगितलं.

शाळेचं काम केलं. शाळेवर बोजा चढतो का?

सरकारी मालमत्तेवर बोजा चढत नाही. त्याऐवजी दोन वाटा आहेत. पहिली, स्टॉप पेमेंट नोटीस: अजून मुख्य कंत्राटदाराला न दिलेल्या पैशांतून तुमची रक्कम अडवून ठेवा, असं त्या शाळा-मंडळाला किंवा नगरपालिकेला सांगायचं. ही काम पूर्ण झाल्यापासून ९० दिवसांत, किंवा नोटीस ऑफ कम्प्लिशन नोंदली गेली असेल तर ३० दिवसांत द्यावी लागते.

दुसरी वाट पेमेंट बाँडची. राज्यातल्या सार्वजनिक संस्थेचं २५,००० डॉलरवरचं कंत्राट घेणाऱ्याला कंत्राटाच्या पूर्ण रकमेएवढा बाँड द्यावा लागतो. तो शुअरिटी कंपनीचा असतो. मुख्य कंत्राटदाराने पैसे दिले नाहीत तर तुम्ही त्या कंपनीकडून मागायचे. बाँडवरचा दावा स्टॉप पेमेंट नोटिशीची मुदत संपल्यापासून सहा महिन्यांत कोर्टात जायला हवा. स्टॉप पेमेंट नोटिशीवरच्या दाव्याला मात्र तीच मुदत संपल्यापासून फक्त ९० दिवस. दोन वाटा, दोन वेगळ्या तारखा. भिंतीवर दोन्ही लिहा.

मुख्य कंत्राटदाराशी थेट करार नसेल तर इथेही २० दिवसांची प्रिलिमिनरी नोटीस लागते. आणि काम सुरू करतानाच बाँडची प्रत मागून घ्या. पैसे अडकल्यावर ती मागायला गेलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

लष्करी तळावर किंवा केंद्र सरकारच्या इमारतीत काम असेल तर?

मग १९३५ चा मिलर कायदा लागतो. इथेही बोजा नाही, बाँड आहे. मुख्य कंत्राटदाराशी तुमचा थेट करार असेल तर आधी नोटीस लागत नाही. तुम्ही त्याच्या सबचे सब असाल, तर तुमच्या शेवटच्या कामाच्या दिवसापासून ९० दिवसांत मुख्य कंत्राटदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, रक्कम आणि कोणासाठी काम केलं ते लिहून. ती ९० दिवसांत त्याच्या हातात पडेल असं बघा, फक्त पोस्टात टाकलेली नव्हे. त्याहून खालच्या पायरीवर असाल तर हा बाँड तुम्हाला संरक्षण देत नाही, हे काम घेण्याआधीच पाहायला हवं.

दावा शेवटच्या कामापासून ९० दिवस उलटल्यावर आणि एक वर्षाच्या आत, काम झालं त्या भागातल्या फेडरल जिल्हा न्यायालयात लावायचा. हे वर्ष प्रकल्प संपल्यापासून मोजत नाहीत, तुमच्या स्वतःच्या शेवटच्या दिवसापासून मोजतात. आणि नंतर एक तुटलेली टाइल बदलून आलात म्हणून तारीख पुढे सरकते, असं धरू नका. दुरुस्तीचा दिवस कोर्टं साधारणपणे मोजत नाहीत.

मी घरमालक आहे. मला ओळखही नसलेल्या कंपनीची नोटीस आली. घर जाणार का?

घाबरू नका. बहुतेक वेळा ती तुमच्या कंत्राटदाराला लाकूड किंवा टाइल पुरवणाऱ्याची प्रिलिमिनरी नोटीस असते. तुमच्या घरात कोणाचा माल आणि कष्ट जात आहेत, याची ती यादीच समजा. धोका एवढाच, की तुम्ही कंत्राटदाराला पूर्ण पैसे द्याल, तो खाली देणार नाही, आणि तुम्हाला तेच पैसे दुसऱ्यांदा द्यावे लागतील. म्हणून प्रत्येक हप्त्याला, नोटीस पाठवलेल्या प्रत्येकाचं रिलीज मागा, किंवा दोघांच्या नावे मिळून चेक लिहा. घराच्या दुरुस्ती-सजावटीच्या करारात आगाऊ रक्कम १,००० डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यातली जी कमी असेल तेवढीच घेता येते. कोणी निम्मे पैसे आधी मागत असेल तर काम देऊ नका.

नोंदलेला बोजा ९० दिवस दाव्याविना राहिला असेल तर तो काढण्याची लेखी मागणी करा. १० दिवसांत काढला नाही तर कोर्टात अर्ज करता येतो, आणि जिंकणाऱ्याला वकिलाची फी मिळते. कंत्राटदारांनाही सांगते: आपला बोजा मेला असेल तर स्वतःहून काढा. आम्ही २०१४ मध्ये तो जुलैतच काढला.

पुण्यात तीन वर्षांची मुदत असायची. इथे सगळं इतक्या घाईत का?

भारतात केलेल्या कामाच्या पैशांसाठी १९६३ च्या मुदत कायद्यात तीन वर्षं आहेत, आणि तिथे ठेकेदाराला जागेवर असा बोजा चढवता येत नाही. ती सवय घेऊन आलेले अनेक चांगले कारागीर इथे फसतात. साध्या दाव्याला इथेही वेळ आहे: लेखी करारावर चार वर्षं, तोंडीवर दोन. पण तो दावा माणसावर असतो. माणूस कंपनी बंद करून निघून गेला की हाती काही राहत नाही. बोजा जागेवर असतो आणि जागा कुठे जात नाही. मालकाची विक्री, त्याचं कर्ज, सगळं त्यामुळे अडतं, म्हणून त्याला मुदत इतकी छोटी.

न्यू जर्सीत हेच नियम आहेत का?

नाहीत. तिथे व्यापारी जागेवरचा दावा शेवटच्या कामापासून ९० दिवसांत नोंदवायचा आणि खटल्याला शेवटच्या कामापासून एक वर्ष. मालकाने लेखी मागणी केली तर ३० दिवसांतच. घरांच्या कामात आधी वेगळी नोटीस आणि लवादाची पायरी आहे. तिकडच्या एडिसनमधल्या मित्राचं ऐकून इथे फ्रिमाँटमध्ये तारीख ठरवू नका.

वकिलाकडे कधी आणि काय घेऊन जायचं?

धंदा कंपनीच्या नावाने असेल तर या दाव्यासाठी कोर्टात वकील लागतोच. कंपनीच्या मालकाला स्वतः उभं राहता येत नाही. बोजा नोंदवल्यापासून साठाव्या दिवसाच्या आत भेट ठरवा, म्हणजे त्यांना कागद तयार करायला वेळ मिळतो. सोबत करार, बदलांच्या ऑर्डरी, प्रिलिमिनरी नोटीस आणि तिची पोस्टाची पावती, सही केलेली सगळी रिलीज, मिळालेल्या चेकचा हिशेब, नोंदलेल्या बोजाची प्रत, लायसन्सचा कागद, आणि जागेवरच्या शेवटच्या दिवसाचे फोटो. फोटोंवर तारीख असू द्या.